रेणूच्या उजेडाला धातूचा शेजार

पणजीत वैद्यक शाळा सुरू झाली १८४२ साली. हिवतापावर तेव्हा हुकमी औषध म्हणजे क्विनीन. तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल यांनी क्विनीनचं द्रावण उन्हात धरलं आणि त्याच्या पृष्ठभागावरची निळी झळाळी नोंदवून ठेवली. टॉनिक वॉटरची बाटली नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा, तीच झळाळी दिसेल. दिवा विझला की तीही गेली. १८५२मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी कारण सांगितलं: पदार्थ न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतो आणि जास्त तरंगलांबीचा, दिसणारा प्रकाश सोडतो. हीच प्रतिदीप्ती. (आपल्या किनाऱ्यावर रात्री कधीकधी लाटा चमकतात ती वेगळी, तिला बाहेरचा प्रकाश लागत नाही.)

पेशीतल्या रेणूला अशी चमकणारी खूण जोडली की तो दिसतो. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२मध्ये जेलीफिशमधून हिरवं प्रथिन वेगळं केलं आणि १९९४मध्ये मार्टिन चाल्फी यांच्या गटाने त्याचं जनुक जिवाणूत आणि कृमीत चालवून दाखवलं. तेव्हापासून पेशी स्वतःच खूण तयार करू लागली.

अडचण उरली ती जागेची. दिसणारा प्रकाश सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा लहान ठिपक्यात एकवटत नाही, हे एर्न्स्ट आबे यांनी १८७३मध्येच दाखवलं होतं. लेसर कितीही नेमका रोखला तरी सुमारे एक फेम्टोलिटर (मिलिलिटरचा लाख कोटीवा भाग) द्रव उजळतोच. द्रावणात दर लिटरला एक मायक्रोमोल रेणू असतील, तर तेवढ्यात सहाशे रेणू एकदम चमकतात. पेशीतल्या कितीतरी प्रथिनांची गर्दी याच घरातली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाच माणसाचा आवाज टिपायला जावं, तशी गत.

यावर उपाय निघाला तो धातूच्या शेजाराने रेणूचा उजेड बदलण्याचा. या विषयाचा खरा पाया मला दिसतो तो एडवर्ड पर्सेल यांच्या १९४६च्या विचारात. रेणू किती वेगाने प्रकाश सोडेल हे त्याच्या परिसरावरही अवलंबून असतं, एकट्या रेणूवर नाही. पुढे कार्ल ड्रेक्सहागे यांनी आरशापासून ठरावीक अंतरावर रंगद्रव्याचा थर ठेवून हे प्रत्यक्ष मोजलं. या दोघांचं नाव फार कमी घेतलं जातं, याची खंत वाटते.

२००३मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने काचेवर ॲल्युमिनियमचा पातळ थर दिला आणि त्यात काही दहा नॅनोमीटर रुंदीची भोकं पाडली. एवढ्या अरुंद भोकातून प्रकाश आरपार जातच नाही, तळाशी जेमतेम शिरून विरतो. त्यामुळे फेम्टोलिटरच्या हजारो पटींनी कमी जागा उजळते आणि गर्दीतही एकेक रेणू वेगळा काढता येतो.

सोन्याचं वागणं जास्त नाजूक आहे. सोन्याचा कण रेणूजवळ आणला की चमक वाढते, पण काही नॅनोमीटरांवर आणला तर ती विझते, कारण ऊर्जा धातूच गिळतो. २००९मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने सोन्याच्या दोन त्रिकोणांची टोकं समोरासमोर ठेवून चमक १३४० पटींपर्यंत नेली. हा आकडा सगळीकडे मिरवतो. मात्र ते रंगद्रव्य मुळात मंद होतं. आधीच तेजस्वी असलेल्या खुणेची चमक इतकी वाढत नाही.

ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात किंवा झुआरीनगरला बिट्स पिलानीत शिकणाऱ्या मुलांनी जिवंत पेशींवरचे प्रयोग वाचताना एक गोष्ट आधी पाहावी: पेशी त्या भोकांवर किंवा सोन्याच्या त्रिकोणांसारख्या अँटेनांवर टेकलेली असते, म्हणून दिसतं ते तळाचं पटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरण. पटलातले मेदरेणू आणि प्रथिनं कशी सरकतात, कुठे अडतात, यासाठी ही पद्धत उत्तम. हिवतापाचा परजीवीही तांबड्या पेशीत पटलातूनच शिरतो, तेव्हा पटलाचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. पण केंद्रकापर्यंत हा उजेड पोचत नाही, आणि लेसरखाली तापणारं सोनं पेशीला किती सोसेल हे प्रत्येक प्रयोगात नव्याने तपासावं लागतं.