राखाडी छटा ठरवतं कोण?

लाल गुलाब आणि हिरवी पानं. डोळ्याला फूल आधी दिसतं, पण तोच फोटो मोबाईलमधे ब्लॅक अँड व्हाइट केला की बऱ्याचदा फूल पानांत हरवूनच जातं. रंगाचा फरक गेला, उरला फक्त उजेडाचा फरक, आणि तो या दोघांत फारसा नव्हताच मुळी.

कुठला रंग किती राखाडी दिसणार हे ठरलेलं नसतं, ते कुणीतरी ठरवलेलं असतं. सॉफ्टवेअरमधल्या एका नेहमीच्या सूत्रात हिरव्याला साधारण ७२ टक्के वजन असतं, लालला २१ आणि निळ्याला जेमतेम ७, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा उजेड सगळ्यात प्रखर वाटतो. पण हे झालं सरासरी डोळ्याचं गणित. १९व्या शतकातल्या काचेच्या प्लेट्सना मुख्यतः निळाच उजेड कळायचा, म्हणून तेव्हाच्या फोटोंत आकाश पांढरंफटक दिसतं. त्या प्लेट्सची जणू स्वतःची नजर होती.

अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सने १९२७ मधे कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या हाफ डोम कड्याचा फोटो काढला तेव्हा आधी लेन्सवर पिवळा फिल्टर, म्हणजे रंगीत काच, लावला होता, मग त्याला जाणवलं की मनात जे भव्य दिसतंय ते यात येणार नाही. शेवटची एकच प्लेट उरली होती, तिच्यासाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा उजेड अडवतो, त्यामुळे आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा अंगावर आल्यासारखा उभा राहिला. डोळ्याला आकाश तसं दिसत नव्हतं, त्याला ते तसं वाटत होतं, आणि मला तरी स्वतःची नजर म्हणजे हेच वाटतं.

आज फिल्टर विकत घ्यायचीही गरज नाही, रंगीत फोटो उघडा आणि एडिटिंग अ‍ॅपमधे लाल, हिरवा, निळा चॅनल, म्हणजे फोटोतला त्या त्या रंगाचा उजेड, वेगवेगळा राखाडीत बघा. माणसाचा चेहरा घेतलात तर गंमत जास्त कळते. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि त्वचेतलं मेलॅनिन निळा-हिरवा उजेड जास्त शोषतात, लाल कमी, म्हणून लाल चॅनलमधे डाग पुसट होऊन त्वचा नितळ दिसते आणि निळ्यात प्रत्येक डाग, प्रत्येक सुरकुती ठळक होते. एकच म्हातारा चेहरा, एकाच क्षणी टिपलेला, पण एका फोटोत तो शांत वाटतो आणि दुसऱ्यात आयुष्यभर उन्हात राबलेला. यातला कुठला ठेवायचा हे कुठलंच सूत्र सांगत नाही, त्यासाठी त्या माणसाकडे नीट बघितलेलं असावं लागतं.