पाणपोई आटली कशी

मशीद बंदर स्टेशनातून भात बाजाराकडे निघालं की हातगाड्या, टेम्पो आणि पाठीवर गोणी घेतलेले हमाल यांच्या गर्दीत एक कोरीव दगडी मंडप उभा दिसतो. कच्छी व्यापारी केशवजी नायक यांनी १८७६ मध्ये बांधलेली ही पाणपोई. मुंबईकर तिला प्याऊ म्हणतात. ती इथेच का, हे नकाशा न बघताही कळतं. बंदरात उतरलेला माल बैलगाडीतून वखारीत जायचा, तेव्हा वाटेत बैलालाही पाणी लागायचं आणि हाकणाऱ्यालाही. त्या काळातल्या अशा बांधकामांत माणसांसाठी तोट्या असत, तशी जनावरांसाठी दगडी डोणीही असे.

प्लास्टिकचा कचरा कमी करायचा तर चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ हवेत, असं हल्ली पुन्हा पुन्हा म्हटलं जातं. म्हणणं बरोबरच आहे. फक्त ते नवी कल्पना असल्यासारखं मांडलं जातं, तेव्हा जरा हसू येतं.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहा क्रमांकाच्या लेण्यात, नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. तापी, दमण, दाहनुका अशा नद्यांवर आपण फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर ‘सभा’ व ‘प्रपा’ उभारल्या, असं त्यात कोरलं आहे. प्रपा म्हणजे पाणपोई. नावेची वाट बघणाऱ्याला सावली आणि पाणी, असा तो हिशेब. पुढे दानधर्मात पाण्याचं दान पक्कं बसलं. चैत्रात रस्त्याकडेला मांडव पडायचा, ओल्या वाळूत रांजण रोवले जायचे, त्यांना भिजवलेलं लाल फडकं गुंडाळलेलं, पाण्यात वाळ्याची जुडी, आणि ओगराळं घेऊन बसलेलं एक माणूस. मृग लागला की मांडव उठायचा. म्हणजे पाणपोई ही वास्तू कमी आणि नेमणूक जास्त होती.

त्या माणसाचं ओगराळं सगळ्यांसाठी सारखं वाकत नसे, हेही इथंच सांगायला हवं. काहींना पेला मिळायचा, काहींना वरून ओतलेली धार, तीही लांबून, आणि काहींना काहीच नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही म्हणूनच साधी गोष्ट नव्हती. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, महाड नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी तसा ठरावही केला. तरीही २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन ते पाणी प्यावं लागलं. ‘सार्वजनिक पाणी’ या शब्दातला ‘सार्वजनिक’ किती महाग पडला आहे, ते या तारखांवरून दिसतं.

मुंबईच्या दगडी प्याऊंमागे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे विहार तलाव. तोवर शहराची भिस्त विहिरी आणि टाक्यांवर होती. १८६० मध्ये विहारचं पाणी नळानं आलं, पुढे १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा. नळ आल्यावर रांजण भरणारा माणूस न ठेवताही चौकात चोवीस तास पाणी ठेवणं शक्य झालं. पैसा कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून आलेला होताच. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शहरात पिण्याच्या पाण्याची अशी चाळीसेक कारंजी बांधायला पैसे दिले. एवढंच नव्हे, १८६९ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्येही एक पाणपोई त्यांच्या देणगीतून उभी राहिली. ती आजही तिथं आहे. लंडनला तेव्हा त्याची गरजही होती. कॉलऱ्यानं शहर पोळलं होतं, आणि लोकांना दारूच्या गुत्त्याऐवजी फुकट, स्वच्छ पाणी मिळावं म्हणून १८५९ पासून तिथली एक संस्था रस्त्यांवर कारंजी बसवत होती.

फोर्टातली रतनसी मुळजी जेठा यांची १८९४ ची पाणपोई बघण्यासारखी आहे. वर एक मुलगा पुस्तक वाचत बसलेला. रतनसींचा धरमसी हा मुलगा लहानपणीच वारला, त्याची ही आठवण. आराखडा व्हीटी स्टेशन बांधणाऱ्या स्टीव्हन्स यांचा. मुंबईच्या बऱ्याच प्याऊंवर असं कुणाचं तरी नाव आहे. आई, बायको, गेलेलं पोर. संगमरवरी पाटी टिकली, पाणी मात्र टिकलं नाही.

का टिकलं नाही? बैलगाड्या गेल्या, रस्ते रुंद झाले, काही प्याऊ फेरीवाल्यांच्या ताडपत्रीमागे गडप झाले, हे सगळं खरं. माझ्या मते मुख्य कारण वेगळं आहे. दात्यानं दगडाला पैसे दिले, पण रोज तोटी घासायला माणूस ठेवला गेला नाही. शेवाळ धरलेल्या तोटीचं पाणी तहानलेला माणूस एकदा पितो, दुसऱ्यांदा विचार करतो.

बाटलीनं नेमकी ही जागा घेतली. १९६५ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बिस्लेरीचं पाणी काचेच्या बाटलीत भरायला सुरुवात झाली, तेव्हा पाणी विकत घ्यायचं म्हणजे काय, असाच सूर होता. गिऱ्हाईक होतं ते मोठ्या हॉटेलांत. १९६९ मध्ये कंपनी पार्लेच्या चौहानांकडे गेली. पुढे काच जाऊन प्लास्टिक आलं, पेट या प्रकारचं प्लास्टिक आल्यावर बाटली हलकी, पारदर्शक आणि न फुटणारी झाली आणि एसटी स्टँडवर पोचली. विकलं जात होतं ते झाकणाचं सील. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट (सीएसई) या संस्थेनं दिल्ली आणि मुंबईतल्या बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं, मोठा गदारोळ झाला, पण लोक नळाकडे परतले नाहीत.

मुंबईतल्या २६ जुलै २००५ च्या पुरानंतर नाले तुंबवल्याचा रोष कॅरीबॅगवर निघाला. २०१८ च्या राज्यव्यापी प्लास्टिकबंदीत पेट बाटलीवर एक-दोन रुपये परतावा देण्याची कल्पना होती, ती रुजली नाही. खरं तर शहरात रिकामी बाटली फार वेळ पडून राहत नाही, भंगारात तिला किलोवर भाव आहे. ती राहते ते गडावर, घाटात आणि नाल्यात, जिथं वेचणाऱ्याला जाणं परवडत नाही.

रेल्वेनं मधल्या काळात फलाटांवर पाण्याची यंत्रं बसवली. सुरुवातीला आपली बाटली आणली तर एक रुपयात तीनशे मिलिलिटर, पाच रुपयात लिटर. पाण्यापाशी माणूस बसलेला असल्यानं तिथं रांग लागायची. कोविडच्या सुमारास अनेक यंत्रं बंद पडली. दुसरीकडे, गेल्या दहा-बारा वर्षांत भात बाजारातल्यासारख्या काही जुन्या प्याऊंची डागडुजी झाली आहे. दगड धुतले गेले, तुटलेलं कोरीवकाम सांधलं गेलं.

मध्यंतरी एका नव्या पाणपोईवर मी बाटली भरायला गेलो. स्टीलचं चकचकीत काम, वर देणगीदाराचं नाव. तोटी आणि खालचं भांडं यांत जेमतेम वीतभर अंतर, ओंजळीच्या मापाचं. लिटरची बाटली उभी मावेना. आडवी धरली तर निम्मी भरते. माझ्या मागचा डिलिव्हरीवाला पोरगा सरावाचा होता, त्यानं झाकणानं पाणी घेऊन घेऊन उरलेली भरली.