मॉन्टसेरॅट

मॉन्टसेरॅट : कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेवरील लेसर अँटिलीस द्वीपमालेतील एक ज्वालामुखी बेट आणि ब्रिटनचा सागरपार प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे १०२ चौ. किमी. लांबी साधारण १६ किमी., रुंदी ११ किमी. ईशान्येस अँटिग्वा, वायव्येस नेव्हिस आणि आग्नेयीस फ्रान्सच्या ताब्यातील ग्वादलूप ही जवळची बेटे आहेत. कायद्याने राजधानी प्लिमथ आहे, पण ती १९९७ पासून राखेखाली गाडलेली आहे. सरकारी कामकाज उत्तरेकडील ब्रेड्स या गावातून चालते. लोकसंख्या सुमारे ४,४०० आहे. १९९५ पूर्वी ती १०,००० च्या वर होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बेटाच्या अलीकडच्या इतिहासाचा गाभा कळतो. इथली वस्ती, रस्ते, शेती आणि निवडणुकीची पद्धतसुद्धा ज्वालामुखीने नव्याने आखायला लावली आहे.

भूरचना : बेटाचा कणा तीन ज्वालामुखी डोंगररांगांचा आहे. उत्तरेकडील सिल्व्हर हिल्स सर्वांत जुन्या. त्यांचा उद्रेक १० लाख वर्षांपूर्वीच थांबला असून त्या झिजून बुटक्या झाल्या आहेत. मधल्या सेंटर हिल्स त्यानंतरच्या. त्यांचे कॅटी हिल हे शिखर सुमारे ७४० मी. उंच आहे. दक्षिणेकडील सूफ्रिएर हिल्स सर्वांत तरुण आणि आजही जागृत आहेत. १९९५ पर्यंत तिथले ९१५ मी. उंचीचे चान्सेस पीक हे बेटावरील सर्वोच्च ठिकाण होते. नंतर वाढलेल्या लाव्हाच्या घुमटाने १,००० मीटरची उंची ओलांडली. बेटाखाली अटलांटिक तळाचे कवच कॅरिबियन भूपट्टाखाली सरकते आहे. त्या कवचातून सुटणाऱ्या पाण्यामुळे वरचा खडक वितळतो आणि हा शिलारस तयार होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ज्वालामुखी म्हटले की सह्याद्रीचा काळा बसाल्ट आठवतो. दख्खनचा तो लाव्हा पातळ होता, म्हणून दूरवर पसरून थरांवर थर चढले. मॉन्टसेरॅटचा लाव्हा अँडेसाइट प्रकारचा आहे. त्यात सिलिकाचे प्रमाण जास्त असल्याने तो घट्ट असतो. तो वाहत नाही, ज्वालामुखीच्या नळीच्या तोंडाशीच साचून घुमट करतो आणि आतला वायू कोंडून ठेवतो. या बेटाच्या सगळ्या संकटाचे मूळ या घट्टपणात आहे.

डोंगरउतारांवर खोल घळी आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘गट’ म्हणतात. एरवी त्या कोरड्या असतात आणि मोठ्या पावसात दुथडी भरतात. पिण्याचे पाणी सेंटर हिल्समधील झऱ्यांतून येते. त्यामुळे या मधल्या जंगलाचे रक्षण हा बेटाच्या जगण्याचाच प्रश्न आहे. किनारे बहुतेक काळ्या वाळूचे आहेत. फिकट वाळूचा एकमेव किनारा उत्तरेकडील राँदेव्हू बे हा असून तिथे होडीने किंवा डोंगरवाटेने पायीच जाता येते. वारे वर्षभर पूर्वेकडून वाहतात. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो.

सेंटर हिल्सच्या जंगलात मॉन्टसेरॅट ओरिओल हा पिवळा-काळा राष्ट्रीय पक्षी राहतो. तो जगात अन्यत्र कुठेही आढळत नाही. ‘माउंटन चिकन’ नावाचा मोठा बेडूक फक्त याच बेटावर आणि डॉमिनिका बेटावर उरला होता. पूर्वी त्याला चवीसाठी मारत. ज्वालामुखीतून जे बेडूक वाचले, ते २००९ मध्ये आलेल्या कायट्रिड बुरशीने जवळजवळ संपवले. काही जिवंत बेडूक युरोपातील प्राणिसंग्रहालयांत नेऊन त्यांची पैदास सुरू ठेवण्यात आली आहे.

उद्रेक : युरोपीय वसाहत झाल्यापासून सूफ्रिएर हिल्सचा उद्रेक झाल्याची नोंद नव्हती. मात्र १८९७-९८, १९३३-३७ आणि १९६६-६७ अशी साधारण तीस-तीस वर्षांच्या अंतराने भूकंपांची मालिका येऊन गेली होती. प्लिमथला धोका असल्याचा इशारा शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच दिला होता. तरीही १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळानंतर पुनर्बांधणी झाली ती बहुतांशी प्लिमथमध्येच. इशारा कागदावर राहिला, याची किंमत पुढे फार मोठी द्यावी लागली.

१८ जुलै १९९५ रोजी वाफ आणि राख बाहेर पडू लागली. २१ ऑगस्टला राखेच्या ढगाने प्लिमथवर भरदिवसा अंधार केला. नोव्हेंबरपासून घुमट वाढू लागला. एप्रिल १९९६ मध्ये प्लिमथ कायमचे रिकामे करण्यात आले.

घुमट कसा कोसळतो हे समजून घेतले तर पुढचे सारे उलगडते. तापलेला लाव्हा नळीतून वर सरकत राहतो आणि घुमटाची एखादी बाजू उभी, अस्थिर होते. स्वतःच्या वजनाने, आतील वायूच्या दाबाने किंवा मुसळधार पावसाने ती ढासळते. ढासळताना खडकांचे तुकडे होतात, अडकलेला वायू सुटतो आणि काहीशे अंश सेल्सियस तापमानाचा राख, दगड व वायूचा लोट घळीतून खाली धावतो. हाच पायरोक्लास्टिक प्रवाह. त्याचा वेग ताशी १०० किमी.च्या वर जाऊ शकतो, म्हणून तो दिसल्यावर पळून उपयोग नसतो. जड भाग घळीच्या तळातून जातो, पण वरचा हलका, तप्त ढग वळणावर घळ सोडून कडेच्या टेकाडावर चढतो. घर घळीपासून उंचावर आहे म्हणून सुरक्षित, हा समज इथे घातक ठरला.

२५ जून १९९७ रोजी उत्तरेकडील उताराचा मोठा भाग ढासळला. प्रवाह मॉस्किटो गटमधून उतरला आणि पूर्वेकडील विमानतळाच्या जवळ जाऊन थांबला. १९ जण मृत्युमुखी पडले. तो भाग धोक्याचा म्हणून जाहीर झालेला होता, पण बेटावरची चांगली शेतजमीन तिथेच होती आणि काही लोक पिके व जनावरे सांभाळायला जात असत. उत्तरेत निवारा अपुरा आणि शेतीला जमीन नाही, अशी त्यांची अडचण होती. या मृत्यूंकडे केवळ आदेश मोडल्याचा परिणाम म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. ऑगस्टमध्ये प्लिमथ जळाले आणि सप्टेंबरमध्ये विमानतळही गेला. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ८८ स्फोट झाले. २६ डिसेंबर १९९७ रोजी नैर्ऋत्येकडील कडाच कोसळून समुद्रापर्यंत गेला.

सर्वांत मोठे घुमट-पतन १२-१३ जुलै २००३ चे. त्यात २० कोटी घनमीटरहून अधिक खडक टार नदीच्या दिशेने गेला. मे २००६ मध्ये पुन्हा तसेच झाले. ११ फेब्रुवारी २०१० च्या पतनानंतर नवा लाव्हा आलेला नाही. तोपर्यंत एकूण सुमारे १ घनकिमी. लाव्हा बाहेर पडला होता आणि समुद्रात भर पडून पूर्व किनारा पुढे सरकला होता. घुमट थंडावला म्हणून धोका टळला असे मात्र नाही. गंधकी वायू अजून सुटतो, जमिनीचे फुगणे सुरूच आहे आणि उभे राहिलेले खडक कधीही ढासळू शकतात.

निरीक्षण आणि निषिद्ध क्षेत्र : मॉन्टसेरॅट ज्वालामुखी वेधशाळा उद्रेकाबरोबरच स्थापन झाली आणि २००३ पासून फ्लेमिंग्ज येथील इमारतीत आहे. तिथे तीन गोष्टींवर मुख्यतः लक्ष असते. भूकंपमापकांवर खडक तुटण्याचे, द्रव-वायू सरकण्याचे आणि दरड पडण्याचे धक्के वेगवेगळे ओळखू येतात. जीपीएस केंद्रांवरून जमीन किती मिलिमीटर वर-खाली झाली ते कळते. वर्णपटमापकाने हवेतील सल्फर डायऑक्साइड मोजतात. १९९७ मध्ये कलमापकांनी घुमटाचे काही तासांचे फुगणे-बसणे टिपले होते आणि स्फोट त्या चक्राशी जुळत होते. आठवड्याचा अहवाल जाहीर होतो आणि सरकारी रेडिओवरूनही सांगितला जातो.

धोक्याची पातळी १ ते ५ अशी ठरते. दक्षिणेकडील मोठा भाग ‘व्ही’ क्षेत्रात येतो. त्याच्या उत्तरेस अ, ब, क आणि ‘एफ’ असे पट्टे आहेत, शिवाय समुद्रात दोन निषिद्ध पट्टे आहेत. पातळी १ असतानाही ‘व्ही’ क्षेत्रात परवानगीशिवाय जाता येत नाही. पातळी चढली की दक्षिणेकडून एकेक पट्टा बंद होत जातो. या रचनेत घराचा पत्ता म्हणजे नुसता पत्ता नसतो. विमा मिळेल का, कर्ज मिळेल का, घर विकले जाईल का, हे सारे पट्टा कोणता यावर अवलंबून राहते.

राख आणि लाहार : राख पडल्यावर काय करायचे, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. छतावरून येणारे पाणी टाकीत जाऊ नये म्हणून आधी पन्हाळ टाकीपासून सोडवतात. राख झाडण्यापूर्वी तिच्यावर पाण्याचा हलका शिडकावा करतात, म्हणजे धूळ उडत नाही. पाणी जास्त झाले तर राख चिखलासारखी होऊन वाळल्यावर दगडासारखी घट्ट बसते, पन्हाळ तुंबतात आणि ओल्या राखेच्या वजनाने कमकुवत छत खचते. मास्क लावणे आवश्यक असते. घुमटाच्या राखेत क्रिस्टोबलाइट हे सिलिकाचे बारीक स्फटिक असतात आणि ते वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. गंधकी वायूचा पट्टा वाऱ्याच्या दिशेने बहुतेक पश्चिमेकडे, म्हणजे प्लिमथवरून जातो. त्या वाटेवरची झाडे जळतात आणि पत्रे लवकर गंजतात.

उद्रेक शांत असतानाही पावसात उतारावरची सैल राख-दगड वाहून येतात. हेच लाहार. बेलहॅम खोऱ्यात अशा लोंढ्यांनी पूल आणि गोल्फचे मैदान गाडले. नदीचे पात्र भरून वर आले, म्हणून पाऊस सुरू झाला की ते ओलांडायचे नाही, हा साधा नियम पाळतात. तीच वाळू आता बांधकामासाठी खणून शेजारच्या बेटांना विकली जाते.

लोक : कोलंबस नोव्हेंबर १४९३ मध्ये बेटाजवळून गेला आणि त्याने बार्सिलोनाजवळच्या मठावरून नाव दिले. वसाहत १६३२ मध्ये सुरू झाली. जवळच्या सेंट किट्स बेटाहून आलेल्यांत आयरिश कॅथलिक बरेच होते. १६७८ च्या गणनेत गोऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के आयरिश होते. पुढे ऊस वाढला तसे आफ्रिकेतून आणलेले गुलाम बहुसंख्य झाले आणि आयरिश मळेवालेही त्यांचे मालक झाले. १७ मार्च १७६८ रोजी, आयर्लंडचा संरक्षक संत सेंट पॅट्रिक याच्या दिवशी, मालक मेजवानीत असतील हे हेरून गुलामांनी उठावाची योजना आखली. बेत फुटला आणि पुढाऱ्यांना फाशी झाली. १९८५ पासून हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा आहे. त्यामुळे परदेशी पाहुण्यांना आयरिश सण वाटणारा हा सोहळा इथल्या लोकांच्या लेखी मुख्यतः या हुतात्म्यांचा आहे. गुलामी १८३४ मध्ये संपली. त्यानंतर लिंबाचा रस आणि सी आयलंड कापूस ही निर्यातीची पिके होती.

आजचे बहुसंख्य लोक आफ्रिकी वंशाचे असून रायली, स्वीनी, मीड, फॅरेल अशी आयरिश आडनावे सर्रास आढळतात. राजभाषा इंग्रजी, घरची बोली इंग्रजीवर आधारलेली क्रिओल. उद्रेकानंतर बहुतेक मूळ रहिवासी ब्रिटन आणि अँटिग्वात गेले. बांधकाम व सेवाकामासाठी गयाना, जमैका, डॉमिनिकन प्रजासत्ताक येथील लोक आले. ‘गोट वॉटर’ हा राष्ट्रीय पदार्थ. बोकडाचे हाडासकट मांस पातीचा कांदा, थाइम, लवंग आणि जावित्रीबरोबर मंद आचेवर शिजवतात आणि रस्सा भाजलेल्या पिठाने किंचित दाट करून पावाबरोबर खातात. रस्सा पातळच हवा. पीठ जास्त पडले की लोक नाक मुरडतात. संगीतात सोका या कॅरिबियन नृत्यसंगीताचा गायक ‘ॲरो’ हा इथलाच. बीटल्सचे ध्वनिमुद्रण-निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा एअर स्टुडिओ १९७९ पासून ह्यूगोपर्यंत इथे चालला आणि अनेक नामवंत गायकांनी तिथे ध्वनिमुद्रण केले.

शासन : मॉन्टसेरॅट १९५८ ते १९६२ या काळात वेस्ट इंडीज महासंघात होते. महासंघ मोडल्यावर शेजारी एकेक करून स्वतंत्र झाले, हे बेट ब्रिटनकडेच राहिले. तरी १९७४ मध्ये ते कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या संघटनेचे पूर्ण सदस्य झाले. ब्रिटिश सागरपार प्रदेशांपैकी असे हे एकटेच. पूर्व कॅरिबियन राज्यसंघटनेचे ते संस्थापक सदस्य आहे. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर असून १९७६ पासून २.७० ला एक अमेरिकी डॉलर हा दर स्थिर आहे.

राजाचा प्रतिनिधी गव्हर्नर असतो. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, पोलीस आणि आंतरराष्ट्रीय वित्तसेवा या बाबी त्याच्याकडे राहतात. सध्याची राज्यघटना सप्टेंबर २०११ पासून लागू आहे आणि तेव्हा ‘मुख्यमंत्री’ पद जाऊन ‘प्रीमियर’ आले. विधानसभेत नऊ निवडून आलेले सदस्य असतात आणि मुदत पाच वर्षांची असते. महाधिवक्ता व वित्तसचिव बसतात, पण मत देत नाहीत. प्रीमियर आणि तीन मंत्री मिळून कारभार चालतो.

मतदानाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. पूर्वी सात मतदारसंघ होते. दक्षिण रिकामी झाल्यावर त्यांतील बरेचसे मतदारांविना उरले. म्हणून २००१ च्या निवडणुकीपासून सारे बेट हा एकच मतदारसंघ करण्यात आला. मतदाराला नऊपर्यंत मते असतात, एका उमेदवाराला एकच देता येते आणि सर्वाधिक मते मिळवणारे नऊ जण निवडून येतात. पाच जागांना बहुमत. तोटा हा की एखाद्या गावच्या तक्रारीला बांधील असा एकही आमदार नसतो. फायदा हा की कोणताही मंत्री आपल्याच वाडीचे रस्ते आधी करून घेऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर रूबेन मीड पुन्हा प्रीमियर झाले. न्यायव्यवस्था पूर्व कॅरिबियन सर्वोच्च न्यायालयाच्या अखत्यारीत असून शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. २००२ पासून या प्रदेशाचे नागरिक असलेल्यांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व आहे.

सरकारच्या चालू खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग ब्रिटनच्या अनुदानातून भागतो. लोक कमी, करदाते कमी आणि रस्ते, शाळा, वीज मात्र पूर्ण लागते, त्यामुळे हे परावलंबन लवकर सुटण्यासारखे नाही. वीज मुख्यतः डिझेलवर तयार होते. भूगर्भातील उष्णतेसाठी २०१३ पासून तीन विहिरी खोदण्यात आल्या. ज्या शिलारसाने गाव गाडले त्याच्या उष्णतेवर दिवे लागावेत, ही इथली रास्त अपेक्षा आहे.

प्रवास : जेराल्ड्स येथील जॉन ए. ऑस्बोर्न विमानतळ २००५ मध्ये सुरू झाला. धावपट्टी सुमारे ६०० मी.चीच असल्याने फक्त लहान विमाने उतरतात. अँटिग्वाहून येण्यास साधारण २० मिनिटे लागतात. ढग खाली आले किंवा आडवा वारा वाढला की उड्डाण रद्द होते, म्हणून पुढचे मोठे विमान त्याच दिवशी धरण्याचा बेत करू नये. लिटल बे येथील धक्क्यावर उत्तरेकडील मोठ्या लाटा थेट येतात, त्यामुळे मालवाहू जहाजांना कधीकधी थांबून राहावे लागते. लाटा अडवण्यासाठी तिथे नव्या बंदराचे काम हाती घेण्यात आले आहे. प्लिमथ पाहायचे तर अधिकृत वाटाड्याबरोबरच जाता येते. वाटाड्या आधी परवानगी काढतो, सोबत रेडिओ ठेवतो आणि धोक्याची पातळी बदलली तर लगेच सर्वांना बाहेर काढतो.