ड्यूगाँग (समुद्रगाय)

सायरेनिया गणातील शाकाहारी सागरी सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव ड्यूगाँग ड्यूगाँन. ड्यूगाँगिडी कुलात आज हीच एक जाती उरली आहे. तिची थंड समुद्रातली नातलग, स्टेलरची समुद्रगाय, १७४१ मध्ये शास्त्रज्ञांच्या नजरेस पडली आणि शिकारीपायी १७६८ च्या सुमारास संपलीसुद्धा.

शेपटी दुभागलेली, म्हणून ड्यूगाँगला पुष्कळदा देवमाशांच्या गोतात बसवले जाते. ते चूक आहे. त्याचे जवळचे आप्त हत्ती. वयात आलेल्या नराला सुळे फुटतात आणि मादीचे स्तन हत्तिणीसारखेच पुढच्या अवयवांजवळ असतात. हाडेही देवमाशासारखी नाहीत. बडोद्याच्या कमाटीबागेतील संग्रहालयात मही नदीच्या मुखाशी १९४४ मध्ये सापडलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. देवमाशाची हाडे सच्छिद्र व तेलकट असतात, तर ड्यूगाँगची भरीव आणि जड. त्या वजनामुळेच त्याला तळाशी चरताना वर तरंगू न देणारा भार मिळतो.

प्रौढ ड्यूगाँग सुमारे अडीच ते तीन मीटर लांब असतो आणि त्याचे वजन साधारण २५० ते ४०० किलो भरते. खाणे म्हणजे समुद्रगवत, दिवसाला ३० ते ४० किलो. हे शेवाळ नव्हे, मुळे-फुले असलेली खरी वनस्पती. खाली वळलेल्या केसाळ मुस्कटाने तो ती मुळासकट उपटतो आणि तळावर खुरप्याने ओढल्यासारखा लांब चर मागे राहतो. प्राणी क्वचितच दिसतो, त्यामुळे अभ्यासकांना बऱ्याचदा या चरांवरच भागवावे लागते. समुद्रगवताला ऊन लागते, म्हणजे ते उथळ, नितळ पाण्यातच वाढते. नेमकी तिथेच जाळी, होड्या आणि बंदरे.

आयुष्य ७० वर्षांपर्यंत असले तरी वीण अगदी संथ. गर्भकाळ १३ ते १५ महिने, एका वेळी एक पिल्लू आणि दोन बाळंतपणांत बहुधा ३ ते ७ वर्षांचे अंतर. परिस्थिती उत्तम असली तरी संख्या वर्षाला जेमतेम ५ टक्क्यांनी वाढू शकते. त्यामुळे जाळ्यात गुदमरून मेलेल्या थोड्याशा माद्यांचीही भरपाई लवकर होत नाही.

भारतात ड्यूगाँग पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचे आखात, अंदमान-निकोबार आणि कच्छचे आखात एवढ्याच ठिकाणी उरला आहे. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेले ओखामंडळ पूर्वी बडोदे संस्थानात होते. तिथल्या सागरी जीवांची पाहणी गायकवाड सरकारने इंग्रज सागरी प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करवून घेतली होती. अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये निघाला. आज याच आखातात १९८२ पासूनचे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, मात्र ड्यूगाँग तिथे फार थोडे आहेत.

जागतिक पातळीवर ही जाती ‘असुरक्षित’ गणली जाते. पूर्व आफ्रिकेतील गटाची नोंद २०२२ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. चीनच्या पाण्यातून ती व्यवहारतः नाहीशी झाल्याचा निष्कर्षही त्याच वर्षीचा. सर्वांत मोठी संख्या ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला स्थान आहे. तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे ड्यूगाँग राखीव क्षेत्र जाहीर केले. कायदा शिकारीला आवर घालतो, चुकून अडकणाऱ्या जनावराचे प्राण मात्र जाळे टाकणाऱ्याच्याच हाती असतात. म्हणून संवर्धन कार्यक्रमांत मच्छीमारांनाच सोबत घेतले जाते.