चित्रांच्या वरच्या कडा एका रेषेत हव्यातच का?

सर्व चित्रांच्या वरच्या कडा एका रेषेत आल्या म्हणजे मांडणी नेटकी झाली, हा समज काळा घोडा परिसरात १९५२ पासून उभ्या असलेल्या जहांगीर कलादालनातही कानी पडतो. प्रत्यक्षात, चित्रांचे आकार वेगवेगळे असताना, त्यांचे मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर ठेवण्याची पद्धत रूढ आहे, कारण उभ्या प्रेक्षकाची नजर त्याच सुमारास असते. मध्य १५० वर हवा, चित्र ९० सेंटिमीटर उंच आणि मागची तार, ताणल्यावर, वरच्या कडेखाली १० सेंटिमीटर असेल, तर भिंतीतला आकडा (हुक) जमिनीपासून १८५ सेंटिमीटरवर येतो. घोटाळा होतो तो तार न ताणताच मोजल्यामुळे. अर्थात मध्य एका उंचीवर ठेवण्याची हीही परंपरा फार जुनी नव्हे: एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सलोन या मोठ्या कलाप्रदर्शनात चित्रे चौकटीला चौकट भिडवून पार छतापर्यंत लावत.