काच वारा अडवत नाही, फाडते

"उंचीच कमी पडली. अजून वीतभर उंच काच घेतो, मग वारा लागणार नाही." लांबच्या प्रवासाहून परतलेला माझा एक मित्र कपाळ चोळत म्हणाला. त्याने त्याच्या नेकेड बाईकला, म्हणजे पुढे कसलेच आवरण नसलेल्या बाईकला, पुढून फेअरिंग (वारा कापणारे आवरण) आणि तिच्यावर विंडस्क्रीन, म्हणजे पारदर्शक काच, बसवून घेतली होती. छातीवरचा वारा खरोखर थांबला होता, पण हेल्मेट मात्र कोणीतरी दोन्ही हातांत धरून गदगदा हलवावे तसे तासन्‌तास हलत होते. काच नव्हती तेव्हा हा त्रास कधीच नव्हता. काच जितकी उंच तितका वारा कमी, हा समज मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की काचेमागे हवा नेमके काय करते ते एकदा सविस्तर लिहायचे ठरवले.

आधी छातीवरचा वारा मोजू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सूत्र असे: अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग गुणिले 'आकाराचा गुणांक आणि समोरचे क्षेत्रफळ' यांचा गुणाकार. ताठ बसलेल्या स्वारासह नेकेड बाईकसाठी हा शेवटचा गुणाकार ०.६ चौरस मीटरच्या आसपास धरता येतो. ताशी ५० किलोमीटरला रोध येतो ७० न्यूटन, म्हणजे ७ किलो वजनाइतका. ताशी १०० ला तो चौपट होतो, २८ किलो. इंजिनाची शक्ती तर आठपट लागते: तिकडे सव्वा अश्वशक्ती, इकडे दहाच्या वर. शिवाय हा जोर जमिनीपासून बराच वर, छाती-पोटाच्या उंचीवर लागतो आणि बाईकला मागे कलंडवू पाहतो. त्यामुळे पुढच्या चाकावरचा भार १०० च्या वेगाला सुमारे १८ किलोने कमी होतो. वेगात हँडल हलके लागते त्याचे एक कारण हे. म्हणून फेअरिंग लावावीशी वाटणे अगदी रास्त आहे.

आता काच बसवली. नदीत मोठा खडक असेल तर त्याच्यामागे पाणी संथ असते, पण त्या संथ पाण्याच्या कडेला भोवऱ्यांची माळ सुटलेली दिसते. हवेतही तेच होते. काचेच्या वरच्या कडेवरून निसटणारी हवा बाईकच्या वेगाहूनही थोडी जोरात धावते. तिच्या खाली, काचेच्या आडोशाला, हवा जवळजवळ उभी असते. एक थर पळता, एक थर थांबलेला, आणि मध्ये कागदासारखी पातळ सीमा. मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडते ती ही सीमा, कारण ती सपाट राहूच शकत नाही.

समजा, ती एखाद्या ठिकाणी केसभर वर उचलली गेली. त्या उंचवट्यावरून जाताना पळत्या हवेची वाट अरुंद होते, म्हणून ती आणखी जोरात पळते, आणि वेग वाढला की तिथला दाब घटतो. वर दाब कमी झाल्यामुळे उंचवटा आणखी वर ओढला जातो. शेजारच्या खोलगट जागी उलट घडते: वरची हवा संथावते, दाब वाढतो, खोलगा आणखी खाली रेटला जातो. बिघाड स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. बोटभर अंतरात लाट उभी राहते, तिचा माथा पुढे कलंडतो आणि चादरीची गुंडाळी व्हावी तशी ती गुंडाळली जाते. तो भोवरा. भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६८ मध्ये आणि केल्विन यांनी १८७१ मध्ये ही अस्थिरता मांडली. कधीतरी ढगाच्या वरच्या कडेला समुद्राच्या लाटांसारखी नक्षी दिसते, तिच्यामागेही हीच अस्थिरता असते.

पुढे दोन शेजारचे भोवरे एकमेकांभोवती फिरतात आणि एक होतात, मग ते जोडभोवरे पुन्हा एक होतात. ब्राउन आणि रॉश्को या संशोधकांनी १९७४ मध्ये अशा प्रवाहाची छायाचित्रे प्रसिद्ध केली, आणि ज्याला बहुतेक जण निव्वळ गोंधळ समजत होते त्यात ओळीने चाललेले मोठे भोवरे स्वच्छ दिसले. भोवऱ्यांच्या या थराची जाडी कापलेल्या अंतराच्या सुमारे पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी होत जाते. काचेच्या कडेपासून हेल्मेटपर्यंत ६० सेंटिमीटर धरा, म्हणजे डोक्यापाशी पोहोचेपर्यंत कागदाएवढी सीमा १० ते १२ सेंटिमीटर जाड झालेली असते. जवळजवळ अर्ध्या हेल्मेटएवढी!

त्यावर दुसरी लय चढते. काचेमागच्या संपूर्ण आडोशातून आलटूनपालटून मोठे भोवरे सुटतात. त्यांची वारंवारता काढायला भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रूहाल यांचा १८७८ सालचा संबंध कामाला येतो: एक गुणांक गुणिले वेग भागिले रुंदी. सपाट पट्टीसाठी गुणांक ०.१५ च्या आसपास असतो. वेग सेकंदाला २८ मीटर आणि काच ३५ सेंटिमीटर रुंद असेल, तर उत्तर येते सेकंदाला १२. मध्ये टाकी, हँडल, स्वाराचे खांदे असल्यामुळे प्रत्यक्षात लय इतकी नीटस राहत नाही, पण धक्क्यांचा अंदाज याच घरातला. काच नसताना हेल्मेटवर येणारा वारा जोरदार असला तरी एकसारखा असतो, आणि मान त्याला एकसारखा ताण देऊन पेलते. सेकंदाला दहा-बारा वेळा बदलणाऱ्या धक्क्याला मान कसा ताण देणार? मित्राचे डोके बरोबर त्या जाड थरात सापडले होते.

आता त्याची वीतभर उंच काच. ती थर वर नेईल हे खरे. पण आडोसा मोठा झाला की त्याच्यामागची पोकळीही मोठी होते, आणि पोकळीतला दाब आजूबाजूपेक्षा कमी असतो. ती जागा भरायला हवा मागून, स्वाराच्या पाठीकडून, पुढे येते. उंच काचेमागे बसलेल्यांना पाठीवर हलका रेटा जाणवतो, पावसाचे थेंब विंडस्क्रीनच्या आतल्या बाजूवर येतात, त्याचे कारण हेच. मी मित्राच्या विंडस्क्रीनच्या आतल्या बाजूला चार-चार बोटे लांबीचे लाल लोकरीचे धागे चिकटवले आणि मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या बाईकच्या मागच्या सीटवरून त्यांचे चित्रण केले. वारा समोरून येत असताना धाग्यांनी मागे उडायला हवे. ते काचेला चिकटून वरच्या दिशेने ताठ होत होते आणि मधूनच पुढे, प्रवासाच्या दिशेने, फडफडत होते. हवा काचेमागे उलटी फिरत होती. ते चित्रण मी कितीदा तरी पाहिले आहे.

यावरचा उपाय काच उंच करण्यात नसून तिच्या खाली फट ठेवण्यात आहे. फटीतून थोडी हवा आत येऊ दिली की पोकळी भरते, दाबातला फरक घटतो, पळत्या आणि उभ्या थरांच्या वेगातली दरी कमी होते. भोवऱ्यांना जोर मिळतो तो याच दरीतून.

फेअरिंग कुठे टेकवली आहे हेही पाहायला हवे. हँडलला किंवा फोर्कला (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांना) बांधलेली फेअरिंग स्टिअरिंगबरोबर वळते, तिचे वजन आणि तिच्यावर येणारा वाऱ्याचा झटका थेट हँडलात उतरतो. पुढच्या चाकाची जी थरथर सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा होते, तिला अशा फेअरिंगने बळ मिळू शकते. चेसिसला, म्हणजे बाईकच्या सांगाड्याला, जोडलेली फेअरिंग याबाबतीत सुरक्षित. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूची आर १०० आरएस आली तिची पूर्ण फेअरिंग चेसिसला जोडलेली होती आणि पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या वातबोगद्यात (वाऱ्याच्या झोतात आकार तपासायच्या बोगद्यात) घडवलेली होती. बाजूने येणाऱ्या वाऱ्याचा धडा मात्र त्याआधीच मिळाला होता. १९५० च्या दशकात शर्यतीच्या बाईकना पुढचे चाक पूर्ण झाकणारी टोपलीसारखी फेअरिंग असे. ती वेग देई, पण बाजूचे क्षेत्रफळ पुढे सरकल्याने आडवा वारा पुढचे चाकच ढकलून देई. १९५७ च्या हंगामानंतर तिच्यावर बंदी आली.

फेअरिंग लावली की मायलेज आणि टॉप स्पीड वाढणारच, असे छातीठोक सांगितले जाते. स्वार ताठच बसणार असेल तर रुंद, उंच काच एकूण रोध वाढवूही शकते. फेअरिंगला चिकटवायच्या छोट्या पंखांबद्दलचा दावा तर आकड्यांत बसतच नाही. २० बाय १० सेंटिमीटरचा पंख अगदी उत्तम कोनात असला, तरी ताशी ६० ला सुमारे ३४० ग्रॅम दाब देईल. दोन्ही मिळून लिटरभर पाण्याच्या बाटलीपेक्षा कमी. या भाराने बाईक रस्त्याला चिकटते असे सांगून लोकांना ते विकणे मला चुकीचे वाटते.

मित्राने नवी काच घेतली नाही. आम्ही आहे त्याच काचेच्या खालच्या दोन बोल्टमागे दोन-दोन सेंटिमीटरचे स्पेसर (अंतर राखणारे तुकडे) घातले. खाली फट झाली, काच थोडी मागे झुकली आणि तिची वरची कडही खाली आली. बोल्ट बसवताना एक काळजी घेतली. पॉलिकार्बोनेट, म्हणजे या काचेचे प्लास्टिक, उष्णतेने बरेच प्रसरण पावते, ४० सेंटिमीटरची काच ४० अंशांच्या फरकाने एक मिलिमीटरहून जास्त वाढते. छिद्र बोल्टापेक्षा सैल नसेल आणि मध्ये रबरी वॉशर नसेल, तर छिद्रापासून बारीक तडे सुटू लागतात. म्हणून बोल्ट बेतानेच आवळले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्यावर चित्रण केले. खालच्या ओळीतले धागे आता एकसारखे वर जात होते, फडफड फक्त वरच्या कडेजवळ उरली होती. थर त्याच्या खांद्यांवर येत होता आणि हेल्मेट स्वच्छ वाऱ्यात होते. जॅकेटच्या बाह्या फडफडतात, एवढेच तो म्हणाला.