मोठ्या शिकारीची रायफल

सांबर, रानडुकरापासून रेडा, हत्तीपर्यंतच्या अंगाने मोठ्या किंवा अंगावर येणाऱ्या जनावरांसाठी वापरायची, खोबणीदार नळीची, खांद्याला लावून झाडायची बंदूक. नळीच्या आत कोरलेल्या पिळदार खोबणींमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि दूरवर सरळ राहते. छऱ्यांच्या बारा बोअरच्या नळीत या खोबणी नसतात. भारतात १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी हौशी शिकार संपवली. त्यामुळे कोणती रायफल घ्यावी हा प्रश्न आज खरा उरला आहे तो नामिबिया, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, टांझानिया अशा देशांत, शिवाय उत्तर अमेरिकेत आणि युरोपात. या नोंदीत आफ्रिकेतला रानरेडा, ज्याला तिकडे केप बफेलो म्हणतात, तो मापाला धरला आहे. वयात आलेला नर ६०० ते ८५० किलोचा भरतो, जखमी झाला तर झुडपात दबा धरून बसतो, आणि त्याला पुरणारी रायफल हत्तीखालच्या सगळ्या जनावरांना पुरते.

शिकाऱ्यांच्या बैठकीत वाद रंगतो तो बोअरवर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासावर. हा वाद जुना आहे आणि बराचसा वायफळ आहे. काळ्या दारूच्या जमान्यात मात्र त्याला अर्थ होता. त्या दारूने गोळीला वेग फारसा मिळत नसे, म्हणून हत्तीला पाडायचे तर गोळी जाड आणि जड करण्यावाचून इलाज नव्हता. फ्रेडरिक सेलूस या इंग्रज शिकाऱ्याने १८७० च्या दशकात सुरुवातीला हत्ती मारले ते ठासणीच्या चार बोअर बंदुकांनी. चार बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या चारच गोळ्या होतील इतकी जाड नळी. अशा बंदुकीचा धक्का माणसाला मागे रेटत नेई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली आणि चित्र पालटले. लंडनच्या जॉन रिग्बी या बंदूककार कंपनीने १८९८ मध्ये .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस काढले. नावातला .४५० सारखा आकडा म्हणजे व्यास, इंचात. बरीच हलकी बंदूक जुन्या तोफांसारख्या बंदुकांचे काम करू लागली.

त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत जी काडतुसे निघाली तीच थोड्याफार फरकाने आजही चालतात: लंडनच्या जेफरी कंपनीचे .४०४, ऑटो बॉक या बर्लिनच्या कारागिराचे १९०५ चे ९.३×६२ (गोळीचा व्यास आणि कवचाची लांबी, मिलिमीटरमध्ये), रिग्बीचे १९११ चे .४१६ आणि हॉलंड अँड हॉलंडचे १९१२ चे .३७५ मॅग्नम. एकच रायफल घ्यायची असेल तर उत्तर शंभर वर्षे .३७५ हेच आहे. ३०० ग्रेनची, म्हणजे साधारण १९ ग्रॅमची गोळी ते सेकंदाला ७६०–७७० मीटर वेगाने सोडते. नळीच्या तोंडाशी ऊर्जा ५,७०० ज्यूलच्या आसपास असते. आकडा नुसता ऐकायचा नाही, तो कायद्याशी लावून पाहायचा. नामिबियात हत्ती, गेंडा, रानरेडा यांच्यासाठी किमान ५,४०० ज्यूल लागतात. कुडू, ओरिक्स, इलँड या मोठ्या हरणांना २,७०० आणि स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणांना १,३५० पुरतात. .३७५ वरच्या रेषेच्या जेमतेम पुढे जाते, आणि ही जेमतेमच तिची खुबी आहे. तिच्यापेक्षा ताकदवान काडतूस घ्यावे तर खांद्याला ते सोसवत नाही, कमी ताकदीचे घ्यावे तर कायदा आडवा येतो. शिवाय तिच्या गोळीचा मार्ग २०० मीटरपर्यंत बराच सपाट असतो, म्हणून त्याच रायफलीने सकाळी रेडा आणि दुपारी कुडू मारता येतो. दूरच्या गावातल्या दुकानातही तिची काडतुसे मिळण्याचा संभव सर्वांत जास्त. विमानकंपन्या प्रवाशाला साधारण ५ किलोच काडतुसे नेऊ देतात, त्यांची पेटीही कधी भलत्याच विमानतळावर उतरते, तेव्हा या गोष्टीची किंमत कळते.

बोअर लहान असले तरी चालते, असे म्हणणारे लोक वॉल्टर बेलचे नाव घेतात. ‘करामोजो’ बेल या नावाने प्रसिद्ध असलेल्या या स्कॉटिश शिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले पुष्कळ .२७५ रिग्बीने, म्हणजे ७×५७ माउझरने. ते काडतूस आज हरणाचे समजले जाते. दाखला खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. बेलने हत्तीच्या कवट्या करवतीने उभ्या चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून घेतले होते. तो कडक, पूर्ण आवरणाच्या लांब गोळ्या वापरी. आणि त्याच्याइतका नेमबाज दशकात एखादाच निघतो. त्याच्या यशावरून सर्वसाधारण माणसाने .२७५ घेऊन हत्तीपुढे उभे राहणे म्हणजे सर्कशीतला कसरतपटू चालतो म्हणून आपणही तारेवर पाय ठेवण्यासारखे.

बेलच्या गोष्टीतला कामाचा भाग गोळीचा आहे. बोअरवर तासन्‌तास बोलणारे लोक काडतुसाच्या पेटीवर गोळीचा प्रकार काय लिहिला आहे ते वाचत नाहीत, हे मोठे नवल. जनावर पडते ते गोळी कुठे लागली आणि आत किती खोल गेली यावर. पूर्ण आवरणाची कडक गोळी पसरत नाही, हाड फोडून सरळ आत जाते. हत्तीच्या कवटीला तीच हवी. मऊ टोकाची गोळी शरीरात शिरल्यावर छत्रीसारखी उलगडते आणि जखम रुंद करते. पण तिची बांधणी कच्ची असेल तर ती जाड चामडी आणि फासळीवरच फुटून जाते. १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर या अमेरिकी शिकाऱ्याला हाच अनुभव आला. चिखलाने माखलेल्या मूस जातीच्या दांडग्या सांबरावर त्याच्या वेगवान गोळ्या वरच्यावर फुटत राहिल्या. त्याने गोळीच्या मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत घातली. पुढचा अर्धा भाग उलगडतो, मागचा शाबूत राहून आत जातो. १९४८ पासून ही ‘पार्टिशन’ गोळी विकली जाते. पुढे संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही आल्या. रेड्याच्या बाबतीत हा प्रश्न टोकाला जातो, कारण त्याच्या फासळ्या रुंद आणि जवळजवळ असतात आणि हृदय छातीत बरेच खाली, पुढच्या पायाच्या रेषेत असते. नवखा माणूस उंच नेम धरतो, गोळी पाठीच्या उंचवट्यात जाते, आणि पुढचे दोन तास सगळ्यांना झुडपात काढावे लागतात. चांगली गोळी असलेली .३७५ ही वाईट गोळीच्या .४५८ पेक्षा शंभरदा बरी.

.४५८ चे नाव निघालेच आहे तर तिची कहाणीही सांगायला हवी. विंचेस्टरने १९५६ मध्ये .४५८ मॅग्नम काढले तेव्हा जुन्या महागड्या इंग्लिश दुनळींची ताकद साध्या, स्वस्त रायफलीत आणण्याचा बेत होता. काडतूस आखूड ठेवल्यामुळे दारू ठासून भरावी लागे. काही वर्षांनी ती आत गोळा होऊन घट्ट बसे, नीट जळत नसे आणि गोळी ठरल्यापेक्षा हळू निघे. हे कळले ते समोर हत्ती उभा असताना. याच्या उलट .४१६ रिग्बीचे काडतूस मुद्दाम ऐसपैस ठेवलेले होते, त्यामुळे उष्ण प्रदेशात दारूचा दाब चढला तरी रिकामे कवच नळीत चिकटत नसे.

कवच चिकटणे हा जीवघेणा प्रसंग असतो. म्हणून रायफलीची यंत्रणा बोअरइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची. दोन घराणी आहेत. एक इंग्लिश दुनळी: दोन नळ्या शेजारी-शेजारी, दोन चाप, दोन स्वतंत्र यंत्रणा. एक बिघडली तरी दुसरी चालते, आणि दुसरा बार काढायला बोट एका चापावरून दुसऱ्यावर नेले की झाले. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर त्यांची तोंडे तपासत, झाडत, पुन्हा सोडवून जोडत आठवडेच्या आठवडे बसतो. म्हणूनच नव्या इंग्लिश दुनळीची किंमत लाख पौंडांच्या पुढे जाते. दुसरे घराणे बोल्टचे, म्हणजे हाताने मागे-पुढे सरकवून काडतूस नळीत घालणाऱ्या दांड्याचे, आणि त्याचा मूळपुरुष १८९८ चा जर्मन माउझर. त्याच्या बोल्टला एक लांब, रुंद नख असते. बोल्ट पुढे ढकलला की काडतूस रायफलीच्या पोटातल्या पेटीतून वर येते आणि त्याच क्षणी त्याच्या बुडाची कड त्या नखाखाली सरकते. पुढचा सगळा प्रवास काडतूस त्या पकडीतच करते. रायफल तिरकी असो, उलटी असो, ते खाली पडत नाही. झाडल्यावर मागे खेचले की तेच नख कवचाला धरून बाहेर काढते. नंतरच्या अनेक स्वस्त रायफलींत काडतूस आधी मोकळेच नळीत ढकलले जाते आणि शेवटी पकडले जाते. चाळीस मीटरवरच्या हरणाला त्याने काही बिघडत नाही. पण घाईत अर्धवट ओढलेला बोल्ट पुन्हा पुढे ढकलला तर दोन काडतुसे एकमेकांत अडकतात, आणि रेडा घाई करायला लावतोच.

आता धक्का. .३७५ चा धक्का .३०-०६ या हरणांच्या शिकारीच्या नेहमीच्या काडतुसाच्या जवळपास दुप्पट असतो. त्याला बळी पडतो तो खांदा नव्हे, मन. चाप दाबायच्या क्षणी माणूस अंग चोरतो, डोळे मिटतो, नळी खाली झुकते, आणि त्याला ते कळतही नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. दुसऱ्या कुणाकडून रायफल भरून घ्यायची. त्याने मधूनच एक खोटे काडतूस न सांगता घालायचे. चाप दाबला, आवाज फक्त ‘टक्’ आला, आणि नळीचे तोंड चार बोटे खाली गेलेले सगळ्यांना दिसले की फुशारकी संपते. असा माणूस .४१६ विकून .३७५ घेईल आणि तिच्यावर शंभर काडतुसे खर्च करील तर शहाणा. दस्ता शरीराला बेताचा हवा: डोळे मिटून रायफल खांद्याला लावली आणि डोळे उघडले तर नजर थेट माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर, पडली पाहिजे. वजन चार किलोच्या आसपास ठीक. हलकी रायफल दुकानात हातात छान वाटते, बार काढल्यावर नाही.

दुर्बीण लावावी की नाही यावर पूर्वी भांडणे होत; आता बहुतेक जण कमी ताकदीची, एक ते चार पट मोठे दाखवणारी लावतात आणि ती झटकन काढता येईल अशा पकडीवर बसवतात. तिच्या खाली रुंद ‘व्ही’ आकाराची खाच आणि पांढऱ्या मण्याची माशी हवीच, कारण जखमी जनावराच्या मागे झुडपात शिरायचे ते दुर्बीण काढून. दुर्बिणीपासून डोळा आठ-दहा सेंटिमीटर दूर राहायला हवा. तसा न राहिलेले शिकारी भुवईवरच्या अर्धचंद्राच्या खुणेवरून ओळखू येतात. रेड्यावरची बहुतेक नेमबाजी शंभर मीटरच्या आतच, तीन काठ्यांच्या तिवईवर रायफल टेकवून उभ्याने होते. म्हणून गादीवर टेकून केलेल्या सरावाचा उपयोग नेम बसवण्यापुरताच.

भारताचा या इतिहासात हात आहे, आणि तो बंदीच्या रूपाने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारने .४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसे आणण्यास मनाई केली. बंडखोरांच्या हाती असलेल्या मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश लष्करी बंदुकांना त्याच व्यासाच्या गोळ्या उपयोगी पडतील, ही धास्ती. लंडनच्या बंदूककारांनी तक्रार करण्यात वेळ न घालवता व्यास केसभर बदलून .४६५, .४७०, .४७५ अशी काडतुसे बाजारात आणली. आज जगभर मानाने मिरवणारे .४७० नायट्रो एक्सप्रेस हे त्या काळातल्या एका सरकारी फर्मानाचे फळ आहे. लष्करी बोअर सामान्यांना नको हा विचार स्वातंत्र्यानंतरही टिकला. .३०३ बंदीच्या यादीत राहिले, आणि परवानाधारकाला सरकारी कारखान्याची .३१५ बोअर मिळू लागली. तिच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही खडकीच्या दारूगोळा कारखान्याची अक्षरे असत. सिंधुदुर्गात आणि गोव्यात मात्र शेती राखायला अजून परवान्याची ठासणीची बंदूकच घरात असते, आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. माणसावर उठलेले जनावर मारण्याचा अधिकार कायद्याच्या ११ व्या कलमान्वये मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशापुरता, आणि स्वसंरक्षणापुरता उरला आहे.

जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी .२७५ रिग्बी भेट दिली, दस्त्यावर १९०७ सालाचा उल्लेख असलेली चांदीची पट्टी बसवून. बेलने हत्तींवर वापरले तेच हे काडतूस. कॉर्बेटकडे जेफरीची .४५०/४०० दुनळीही होती. दाट जागी, जवळून वाघाला सामोरे जायचे तेव्हा तो ती घेई. पण डोंगरात मैलोन्‌मैल चालायचे असे तेव्हा हलकी रिग्बीच बरोबर असे, आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या पडला तोही तिनेच. रिग्बी कंपनीने ती २०१५ मध्ये परत मिळवली. दुसऱ्या वर्षी ती काही दिवसांसाठी भारतात आणली होती, फक्त लोकांना पाहता यावी म्हणून.